लाल म्हणजे स्वच्छ

२८ डिसेंबर २००९

आणली! पाठीवरच्या पिशवीत घालून सरळ घरी आणली. पाण्यातला पारा ओळखणारी ही पेटी माझी, दोन वर्षं तिच्यासाठी मी घासले, आणि सर म्हणतात प्रयोगशाळेबाहेर न्यायची नाही. का? तर खाऱ्या पाण्यात रंग टिकणार नाही, संस्थेचं हसं होईल. होऊ दे हसं! रजेचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला आणि गाडी पकडली. "खाडीत फिरून कुणी डॉक्टर होत नाही, उर्वशी" — हे त्यांचं शेवटचं वाक्य कणकवली स्टेशन येईपर्यंत डोक्यात वाजत होतं.

आईचा फोन आला नसता तर कदाचित ऐकलंही असतं त्यांचं. पण पेपरात छापून आलं, 'खाडीच्या मासळीत पारा?' असं, पुढे प्रश्नचिन्ह लावून. वरच्या अंगाला कुणी भंगारवाला जुन्या ट्यूबलाइटी फोडतो, त्यातला पारा खाडीत उतरतो म्हणे. तपासलं कुणी? कुणीच नाही! पण मालवणच्या हॉटेलांनी आमच्या खाडीच्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, घेणं बंद केलं. आई पंधरा दिवस भरलेली पाटी घेऊन जाते आणि भरलेली परत आणते.

घरात पाऊल टाकलं तर यशोदा वहिनी तीर्थाचा तांब्या घेऊन समोर उभी. तिला सहावा महिना लागलाय, लग्नाला सात वर्षं झाल्यावर. अजयदादा बोटीवर, येईल मार्चमध्ये. गेल्या वर्षी जत्रेत तिने कुणा गुरुदासकडून एक चकचकीत पिंडी घेतली. तिच्यावर रोज दही-दुधाचा अभिषेक करायचा, रात्रभर पिंडी त्यातच ठेवायची आणि सकाळी ते तीर्थ प्यायचं. मग दिवस राहिले. आता तिला कोण काय सांगणार!

मी तीर्थ घेतलं नाही. बाबांची होडी परत आली नाही तेव्हापासून मी देवघराचा उंबरा ओलांडलेला नाही. आई नेहमीसारखी चिडली. "जावन बघ तरी! तांब्याचा ताम्हण चांदीसारख्या झाला. देव पावलो काय असा होता." म्हटलं, वहिनीने चिंच लावून घासलं असेल. वहिनी हसली. तिला कशाचा रागच येत नाही.

३० डिसेंबर

आई परत भरली पाटी घेऊन आली. उरलेल्या तिसऱ्या माडाच्या मुळाशी ओतल्या. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

३१ डिसेंबर

जेवणात तिसऱ्यांची एकशिपी. वहिनीने दोन घास खाऊन ताट सारलं. "सगळ्याक पितळेची चव लागता," म्हणाली. आई म्हणते, पोटुशीला असं होतंच.

२ जानेवारी २०१०

आज देवळात कौल!

बाबली मामा म्हणजे आईचा भाऊ, किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीचा, मोठ्या जाळ्याचा, पुढारी. तो म्हणाला, गावाचं पाणी आहे, तपासायच्या आधी देवाला विचारू. मी म्हटलं, मामा, पाण्यात पारा आहे की नाही हे देवाला विचारायचं तर मी दोन वर्षं काय झक मारली? तो म्हणाला, "पारो आसा काय नाय ता तू सांग. तपासूचा काय नको, ता देव सांगतलो."

मी बाहेर चपलांजवळ उभी राहिले. गुरवाने देवाला फुलाच्या पाकळ्या लावल्या; उजवी पडली तर होकार, डावी तर नकार. मामाने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या चेडवान मुंबैसून पेटी हाडल्यान हा. गावाच्या पाण्याचो सोक्षमोक्ष लागूचो आसा. बरा आसात तर उजवो दी रे म्हाराजा!" सगळे म्हणाले — होय म्हाराजा!

माझं ठरलेलं होतं. डावा आला तरी तपासणार, मग वाळीत टाका. आणि पडली ती उजवी पाकळी! सगळे माझ्याकडे बघून हसतायत, मामा पाठ थोपटतोय. मला मात्र जास्तच राग आला. भांडायची एवढी तयारी फुकट गेली.

४ जानेवारी

दिवसभर खाडीत. ओहोटी होती, मामाने होडी काढली.

भीती वाटत होती हे इथे लिहायला हरकत नाही. नळीत माझं सोनं. सोनं इतकं बारीक केलं की पाण्यात लाल दिसतं, कोकमाच्या सरबतासारखं. त्याला पाण्यातला पारा भेटला की ते कण एकमेकांना बिलगतात आणि रंग निळा होतो. बाकी काही नाही. ना मशीन ना वीज, लाल म्हणजे स्वच्छ आणि निळं म्हणजे पारा. खोड एकच, मीठ दिसलं तरी ते तसंच बिलगायचं. त्या कणांना मीठ सोसायला शिकवण्यात माझी दोन वर्षं गेली. सर म्हणतात, शिकले नाहीत.

आणि समजा शिकले असतील, आणि निळं झालं तर? होडीत बसून हेच घोकत होते. निळं आलं तर निळं सांगायचं. आईची पाटी कायमची बंद झाली तरी सांगायचं. मामाला विचारलं, निळं झालं तर काय करशील? तो वल्हं मारता मारता म्हणाला, "मगे सांग. इखारी तिसरे इकून आमी खंय जातलंव?"

मुखाजवळ लाल. तरीच्या धक्क्याजवळ लाल. आणि भंगारवाल्याच्या शेडखाली? तिथेही लाल! खडकाखाली, जिथे बायका तिसऱ्या काढतात तिथला चिखल कालवून, गाळून पाहिला. तोही लाल. आणि मीठ? अर्धा तास उन्हात धरून बसले नळी, रंग तसूभर हलला नाही. सर, ऐकताय का? माझं सोनं समुद्राला घाबरत नाही!

मोठ्याने ओरडले. मामा होडीतून पडता पडता राहिला.

५ जानेवारी

पेटी फक्त पाण्यात विरघळलेलं सांगते. उद्या कुणी म्हणेल, तिसऱ्यांच्या मांसाचं काय? म्हणून तिसऱ्या आणि चिखल बर्फात घालून संजनाकडे पाठवले. ती प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर. सरांना न सांगता मोठ्या मशीनवर चढवणार आहे. जीव आहे माझ्यावर तिचा.

८ जानेवारी

मालवणचा बाजार. पेटी मासळीच्या ओट्यावर मांडली, आईच्या पाटीशेजारी. खाडीचं पाणी सगळ्यांसमोर नळीत घातलं. लाल! सांगितलं, लाल म्हणजे स्वच्छ.

राधाबाई पुढे आली. आमच्याच वाडीतली. सगळ्या बायकांच्या तिसऱ्या ती गोळा करते आणि हॉटेलांना घालते. तिने घेतल्या तर हॉटेलं घेणार, तिने नाही म्हटलं की संपलं. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "लाल लाल काय दाखवतंस? लाल तर आधीच होता. निळा जाता ता दाखव!"

बरोबरच होतं तिचं. मी माझ्याकडच्या बाटलीतल्या, पारा विरघळवलेल्या पाण्याचा एक थेंब घातला. क्षणात निळं! वाटलं, जिंकले.

"ती शाय आसतली!" राधाबाई म्हणाली. "बाटली तुझी, पेटी तुझी, पाटीवाली आवस तुझी. आमच्यातलो पारो घालून दाखव. हॉटेलवाल्यांका मी काय सांगू, चेडवान शाय घालून दाखवल्यान?"

सगळा बाजार हसला. आईने पदर तोंडाला लावला. मीही ओरडले, दाखवते! तुमच्यातलाच दाखवते! आता कुठून दाखवणार आहे देव जाणे.

११ जानेवारी

फजिती, पुन्हा त्याच बाजारात, आणि तीही मामाच्या कृपेने.

मी काही म्हणायच्या आत मामाने खिशातून थर्मामीटर काढला. "पारोच होयो मां? ह्यो घे, घरातलो!" ओट्यावर आपटून फोडला आणि पाऱ्याची गोळी टपकन नळीत. गोळी तळाशी जाऊन बसली, चकाकत. आणि पाणी? लाल. लालच. राधाबाई पोट धरून हसली. "पारो डोळ्यांनी दिसता आणि पेटीक दिसणा नाय!"

तिथेच घसा फाडून समजावलं. गोळी म्हणजे धातू, ती पाण्यात लगेच विरघळत नाही. आंबटात बुडून राहिली, वेळ मिळाला की मग हळूहळू पाण्यात उतरते, आणि पोटात जाऊन घात करतो तो हा उतरलेला पारा. कोण ऐकतंय! काचा आणि गोळी कागदावर टिपून बाटलीत बंद केली, कुणाच्या हाताला लागायला नको म्हणून. तेवढ्यात एक जण म्हणाला, "भंगारवालो झाला चेडू." परतीच्या एसटीत मामा माझ्याकडे बघेचना. शेवटी मीच त्याला चणे दिले.

घरी सगळं पुन्हा एकदा सांगितलं. आईने ऐकलं नाही. वहिनी तांदूळ निवडता निवडता मान हलवत होती.

१३ जानेवारी

संजनाचा फोन! मोठ्या मशीनवरही तेच. तिसऱ्या स्वच्छ, चिखल स्वच्छ. म्हणजे पेटी खरं बोलते! कागदावर सही हवी तर सरांची हवी, आणि सर करणार नाहीत. नका करू. राधाबाई कुठे कागद वाचते? तिला निळं हवंय. मिळेल तिला निळं. खाडी स्वच्छ आहे, माझी आई काही विष विकत नाही, आणि हे मी त्याच ओट्यावर उभी राहून सिद्ध करणार!

१५ जानेवारी

ग्रहण. भर दुपारी अंगणात मळभ आल्यासारखा उजेड पडला, कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या. मी काळ्या काचेतून पाहिलं, काय सुंदर कोर!

वहिनी मात्र आतल्या खोलीत, दारं-खिडक्या बंद. कापायचं नाही, शिवायचं नाही, आडवं व्हायचं नाही. आईने सुटेपर्यंत तिला जपमाळ धरून बसवलं आणि दर थोड्या वेळाने तीर्थ पाजलं. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. पोटातल्या जिवाला ग्रहण लागू नये म्हणून. मी दाराशी जाऊन म्हटलं, वहिनी, बाहेर ये, सूर्य काही खाणार नाही तुला. ती म्हणाली, "तुझा बरोबर आसात गो. पण आता माका कसलीच परीक्षा नको."

दार हळूच लोटून घेतलं. सात वर्षं लोकांचं ऐकून घेतलंय तिने.

१७ जानेवारी

लिहायचं कसं?

सकाळी वहिनी ओसरीवर आली. चेहरा खुललेला, काहीतरी गंमत सांगायची असावी तसा. "उर्वशी, तुका बाजारात निळा दाखवूचा आसा मां? आणि पारो घरातलो होयो. मगे माझ्या देवाचा पाणी घे! माझी पिंडी पाऱ्याची आसा. मामांची गोळी साध्या पाण्यात होती. माझो देव रातभर आंबटात आसता. तूच सांगितलंस, आंबटात उतारता."

मी ताडकन उठले.

"देव तुका मदत करतलो," ती म्हणाली. एवढा आनंद झाला होता तिला माझ्या उपयोगी पडण्याचा.

देवघरात गेले. इतक्या वर्षांनी. ताम्हण तांब्याचं राहिलंच नव्हतं, पांढरंफटक, चकचकीत. पारा तांब्यावर असाच चढतो. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते! आईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, जाऊन बघ. पितळेची चव म्हणाली होती वहिनी, माझ्यासमोर, माझ्या ताटाशेजारी. आणि मी सगळ्या खाडीत पारा शोधत हिंडले. चार पावलं आत गेले असते, एकदा विचारलं असतं, पिंडी कसली गो? नाही विचारलं. देवाशी भांडण होतं ना माझं! स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

तीर्थ गाळून घेतलं. दूध-दह्याचा कणही राहू दिला नाही. नळीत घातलं.

निळं.

पुन्हा केलं. निळं. विहिरीचं पाणी लाल. पिंडी न ठेवता दुसऱ्या भांड्यात विरजलेलं दही लाल. पिंडीचं निळं, निळं, निळं. दोन वर्षं ज्या रंगासाठी झटले त्याचा आज तिटकारा आला.

वहिनी मागे उभी होती. तिला सांगावंच लागलं नाही. माझ्या बडबडीतून लाल-निळं ती केव्हाच शिकली होती. पोटावर हात ठेवून खाली बसली. "बाळाक काय झाला आसात?"

काय सांगू? "माझी पेटी पाण्याचं सांगते, वहिनी. पोटातलं नाही सांगत." उद्याच कुडाळला डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं, रक्त, लघवी सगळं तपासू, मी आहे. ती रडली नाही. उठली, तांब्यातलं उरलेलं तीर्थ ओतायला निघाली परसात. मी हात धरला. मातीत नको, बाटलीत.

आई मात्र पेटली. "देवाक नाव ठेवतंस? देवान पोर दिल्यान हिका!" मग जरा वेळाने, हळू आवाजात, "बाजारात ह्या नेव नको. पोटुशी आसा ती. लोक बोट दाखवतले." मी म्हटलं, मग तुझ्या तिसऱ्या? "कुसू देत!"

पंधरा दिवस जिच्यासाठी भांडले ती म्हणते कुसू देत. आणि मी तिच्याशीही भांडले. म्हटलं, तो गुरुदास पुढच्या जत्रेत परत येईल, तेव्हा काय, गप्प बसू? तो काय एकच पिंडी घेऊन आला होता? आई चुलीकडे वळली. पण बाजारात न्यायचं की नाही हे ठरवायला हे पाणी माझं कुठे आहे? पिणारी वहिनी. ठरवणारीही तीच.

१८ जानेवारी

वहिनी ठरवून मोकळी झाली होती. मी उठले तर हिरवं लुगडं नेसून तयार, ती बाटली पदराने पुसून हातात. "आधी बाजार. मगे कुडाळ."

ओट्यावर दोन नळ्या. एकीत खाडी, दुसरीत तीर्थ. बघायला गर्दी. खाडी लाल राहिली. तीर्थ निळं झालं. कुणी शाई म्हटलं नाही, कारण बाटली माझ्या हातात नव्हतीच.

"ह्या खंयचा पाणी?" राधाबाईने विचारलं. मी तोंड उघडलं, पण वहिनी आधी बोलली. आवाज जराही कापला नाही. "माझ्या घरातला. माझ्या पिंडीचा. जत्रेतल्या गुरुदासान दिलेली. वरीसभर मी पितंय ह्या." आणि आईकडे वळून, "खाडी बरी आसा. विष घरात होता."

  आई पुढे झाली आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, सगळ्यांकडे बघत, बोला काय बोलायचं ते, अशा थाटात.  हॉटेलच्या माणसाने राधाबाईची वाट न बघता स्वतःच पाटी उचलली. तिसऱ्या गेल्या, बाकीच्या बायकांच्याही गेल्या. जिंकलो म्हणायचं. राधाबाई मात्र काही न घेता, काही न बोलता तडक निघून गेली. हरली म्हणून चिडली असेल.

कुडाळ. रक्त दिलं, लघवी दिली. बाळाचे ठोके ऐकवले डॉक्टरांनी. बाकीचं कळायला वेळ लागेल म्हणाले. येताना वहिनीने माझा हात सोडला नाही.

१९ जानेवारी

उजाडता दार वाजलं. राधाबाई. पदराखाली तांब्या. तिच्या मागे वाडीतल्या बायका, प्रत्येकीच्या पदराखाली काहीतरी झाकलेलं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"निळा झाला तर सांगशीत मां गो?" राधाबाई म्हणाली. "लपवू नको. माझ्या सुनेक मी माझ्या हातान पाजलंय."